चौकोनांचं ड्रॉइंग

मी तीनदा सांगितलं होतं. तोंडी नाही, ईमेलवर. ऑफिसात नवा मॅक आणलात, छान दिसतो, पण वर्कशॉपच्या कॉम्प्युटरवर जुनंपुराणं विंडोज आहे. माझी ड्रॉइंगं तिथे धड उघडणार नाहीत. दोन्हीकडे चालेल असं सॉफ्टवेअर घ्या. आमच्या रोलिंग मिलचे मॅनेजर काकासाहेब हसले. "तृप्ती, फाइल ती फाइल. उघडली म्हंजे झालं."

उघडली. रेघा जशाच्या तशा आल्या, आकड्यांच्या जागी मात्र नुसते रिकामे चौकोन.

काम नव्या मापाच्या अँगलचं, म्हणजे काटकोनी लोखंडी पट्टीचं होतं, आमच्याकडे पूर्वी कधी न झालेलं. टर्नर आबारावांनी प्रिंट काढला, त्यावर पट्टी ठेवली आणि रेघा मोजल्या, त्याही सुतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. जालना एमआयडीसीतल्या जुन्या टर्नरांची सगळी हयात त्यातच गेली. कागदावर मावावं म्हणून प्रिंटरने चित्र आखडून घेतलंय, हे त्यांना कोण सांगणार? तापलेलं लोखंड ज्यांच्या खाचांतून दाबून अँगल निघतो, त्या रोलवर त्यांनी लेथवर त्याच मापाच्या खाचा पाडल्या. सोमवारी मिल सुरू झाली आणि अँगल चांगला सूतभर बारीक निघाला.

काकासाहेबांनी आबारावांना सगळ्यांदेखत उभं केलं. "सव्वीस वर्षं झाली अन् ड्रॉइंग वाचता येईना? उद्यापासून यायचं न्हाई. बिलकुल न्हाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काकासाहेबांना मी वर्कशॉपच्या कॉम्प्युटरपुढे नेलं आणि फाइल उघडली. "वाचा. तुम्हाला येतं ना?"

ते चौकोनांकडे बघत राहिले. मग पुन्हा आबारावांवर घसरले. "मंग इचारायचं कुनाला तरी! तोंड न्हाई का?"

"न्हाई इचारलं साहेब," आबाराव म्हणाले. "माझीच चूक."

साफ खोटं. शुक्रवारी ते प्रिंट घेऊन माझ्या टेबलाशी आले होते. त्या मॅकशी झगडून माझं डोकं फिरलं होतं. मान वर न करता मी खेकसले होते, "फाइलीत सगळं आहे, बघून घ्या. सारखं काय विचारता?" आणि विसरूनही गेले होते. आबारावांनी आता माझ्याकडे नजरसुद्धा वळवली नाही. त्याचा मला जास्तच राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

"विचारलं होतं!" मी ओरडले. "मलाच विचारलं होतं. मी हाकलून दिलं."

"जाऊ द्या ना म्याडम," आबाराव हळूच म्हणाले. "तुमची नौकरी नवी हाय. माझं काय, बरीच झाली करून."

"तुम्ही गप्प बसा!" मी त्यांच्यावरच ओरडले, आणि काकासाहेबांकडे वळले. "काढायचं तर मला काढा."