दाताच्या टोकाला चिमूटभर सिमेंट

जरा कान देऊन ऐका, मी हिरडीच्या आतून बोलतोय. मंजुश्रीच्या वरच्या समोरच्या दाताचं मूळ जिथं संपतं, तिथं माझं बिऱ्हाड. आकारानं तांदळाच्या कणीएवढा, जातीनं सिमेंट. हसू नका. तुमचं घर ज्यानं बांधलं त्याच्याच नात्यातला मी, फक्त डॉक्टरांकडं नोकरीला लागलेला.

मंजुश्री लहानपणी झोपाळ्यावरून पडली होती. दात वरून झकास, मुळाशी पू. लग्न ठरलं आणि ओठ सुजला. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी हिरडी उघडली, मुळाचं सडकं टोक कापलं आणि मला पाण्यात कालवून तिथं ठासून बसवलं. दात भरायचे बरेच मसाले ओल पाहून रुसतात. मला ओल असली तरच घट्ट होता येतं. मी दाताच्या भिंती धरल्या त्या धरल्याच.

“समोरच्या दातानं इतक्यात कडक काही तोडायचं नाही,” बाई म्हणाल्या.

“आणि सासरी बोलायचं नाही,” तिची आई शिवकांता म्हणाली. “पोरीत खोट हाय म्हणतील.”

म्हणून मंजुश्री अख्ख्या लग्नात ओठ मिटून हसली. फोटोवाला वैतागला.

माझी पकड किती, हे दातांच्या कॉलेजात, उपटून ठेवलेल्या दातांवर मोजतात. मुळाची चकती कापायची, मधल्या मसाल्यावर बारीक दांडा टेकवायचा आणि मसाला सुटेपर्यंत दाबायचं. माझ्या भाऊबंदांची परीक्षा अशी शांततेत झाली. माझी झाली लातुरात, सासरच्या अंगणात, पन्नास पाहुण्यांसमोर.

खोबरं तोडायचा खेळ निघाला. नवरीनं तुकडा दातात धरायचा, नवऱ्यानं दातानंच ओढून न्यायचा.

“वहिनी, घट्ट धरा,” नणंद पुनम म्हणाली. “आज दादा जिंकला तर जन्मभर ऐकवंल.”

नको म्हणावं, तर कारण सांगावं लागणार. धरावं, तर दात जाणार. मंजुश्रीनं धरलं. नवऱ्यानं, वीरेशनं, दुसरं टोक पकडून हिसका दिला. दात कळवळला, मी भिंतींना बिलगलो.

तेवढ्यात ती दातांतूनच पुटपुटली, “हळू ओढा. दातात सिमेंट हाय.”

वीरेशच्या घरचं दुकानच सिमेंटचं. त्याला असं हसू फुटलं की खोबरं त्याच्या तोंडातून सुटलं.

“वहिनी जिंकली!” पुनम ओरडली. “पण दादा, तू हसला कशाला रे?”

 मंजुश्रीनं खोबरं हातात घेतलं आणि स्वतःच सांगितलं, “माझ्या दाताचं ऑपरेशन झालंय. मुळाशी सिमेंट भरलंय.”

 सासरे संगप्पा खुर्चीतून उठले.

“कधी भरलं?”

“लग्नाच्या तोंडावर, मामा.”

“पाणी मारलं का?”

मामा पाहुण्यांकडं वळले.

“अरे, पोरीला पाणी द्या आधी. कच्च्या स्लॅबवर कुणी नाचतं का?”

अंगण फुटलं हसून. मंजुश्री तर हिरडी दिसेपर्यंत हसली. मला पहिल्यांदाच वारा लागल्यासारखं वाटलं.

आता मामा दुकानात गिऱ्हाइकालाही सांगतात, “आमच्या सुनेच्या दातात हाय, तुम्ही भिंतीचं काय घेऊन बसला?” आणि घरी येताजाता तिच्या हातात तांब्या देतात. मामा, पुरे आता, मी पक्का झालोय. डॉक्टरीणबाईंनीही दाताचा एक्स-रे काढून तेच सांगितलं.

काल भाजलेलं कणीस हातात घेऊन ती थबकली.

“चाव की,” वीरेश म्हणाला, “दुकानाची गॅरंटी हाय.”

“फुटलं तर?”

“बदलून देऊ.”

“दात का नवरा?” असं विचारून तिनं कचकन चावा घेतला, आणि त्याचं उत्तर ऐकायच्या नादात मला साफ विसरून गेली.

तिला असंच विसरू द्या.