मधला स्पीकर

आमच्या ह्यांनी होम थिएटर घ्यायचं काढलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. नव्या चपला घ्या म्हटलं की जुन्याच शिवून आणणाऱ्या माणसाला एकाएकी पाच स्पीकर आणि एक रिसीव्हर कशाला हवा? घरात टीव्ही आहे, चालतो, चित्र स्वच्छ दिसतं. ऐकू जरा कमी येतं खरं, पण हल्लीच्या नटांना धड बोलताच येत नाही, त्याला कुणी काय करायचं?

घरात काहीतरी शिजत होतं, एवढं नक्की. लेक सुट्टीला आली होती तेव्हापासूनच. बापलेकीची सारखी कुजबुज, आणि मी खोलीत पाऊल टाकलं की दोघंही गप्प. ह्यांचा आवाज मुळातच बारीक. ग्रंथपाल माणूस, आयुष्यभर हळू बोलण्याचाच पगार घेतला. पण मीही कोर्टात स्टेनो आहे. साक्षीदार कुठे चाचरला, कुठे शब्द गिळला, मला बरोबर कळतं. नवे न्यायाधीश तोंडातल्या तोंडात बोलतात, तरी माझं टिपण अडत नाही. तेव्हा मी दोन आणि दोन चार केले होते. घर विकून लेकीच्या गावी जायचं ठरतंय, आणि मला फक्त सहीपुरतं बोलावणार. मला घर सोडायचं नव्हतं. आणि माझ्या पाठीमागे ठरवून मोकळा होणारा नवरा तर मला अजिबात नको होता.

म्हणून दुकानात मी मुद्दाम बरोबर गेले. आज काय तो छडा लावायचाच.

दुकानदाराचे सगळे केस पांढरे, तरी मला ‘काकू’ म्हणाला, तिथेच तो माझ्या मनातून उतरला. त्यात ह्यांनी आल्या आल्या त्याच्या कानाला लागून काहीतरी सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि समजूतदारपणे मान हलवली. माझं डोकं फिरलं.

मागे आवाज ऐकवायची वेगळी खोली होती. भिंतींना जाड कापड, मधोमध सोफा, समोर मांडणीत रिसीव्हरांची रांग. दुकानदार माझ्यासमोर उभा राहून समजावू लागला. रिसीव्हर म्हणजे आवाजाची वाटणी करणारा. गाणी, धडामधुडुम बाजूच्या आणि मागच्या स्पीकरांना, माणसांचं बोलणं मधल्याला. हा अमुक रिसीव्हर घेतला तर नुसत्या मधल्या स्पीकरचा आवाज हवा तेवढा मोठा करता येतो. दुसरे दाखवा म्हटलं तर दाखवायचा, पण फिरून त्याच एकावर यायचा. आणि हे मान डोलवत होते, जरा जास्तच. विकणारा एकच वस्तू गळ्यात मारतोय आणि नवरा त्याला सामील, हे कळायला काही कायद्याची पदवी लागत नाही.

सिनेमा लावू नका, मी बजावलं. सिनेमात काहीही खपून जातं. नुसता आवाज ऐकवा. तशीही सोय त्याच्याकडे होती. खालच्या घरघरीपासून वर बारीक शिट्टीपर्यंत चढत जाणारा एकच सूर, मधल्या स्पीकरमधून. तो थांबला की मी हात वर करणार, असं ठरलं. मी डोळे मिटले. सूर घुमला, चढला, बारीक झाला आणि थांबला. मी हात वर केला.

तुमचा स्पीकर वर पोचतच नाही, मी म्हटलं. त्याने दुसरा जोडला. तोही त्याच जागी थांबला. मग दुकानातला सगळ्यात महागडा आणला, त्याची तीच गत. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला होता. चोर सापडला होता. हा लबाड मध्येच बंद करतोय, हे आता सिद्ध करायचं बाकी होतं.

म्हणून पुढच्या खेपेला मी डोळे उघडे ठेवले. रिमोट टेबलावर पडलेला, दुकानदाराचे दोन्ही हात मांडीवर. सूर चढला, बारीक झाला, थांबला. मी हात वर केला आणि ह्यांच्याकडे पाहिलं.

ह्यांचं तोंड लिंबू चावल्यासारखं वाकडं झालं होतं आणि एक बोट कानात होतं. दुकानदारानेही डोळे बारीक केले होते. खोलीत कसलाच आवाज नव्हता आणि ही दोन माणसं काहीतरी सहन करत बसली होती. मग दोघांचेही चेहरे एकदमच सैल झाले. ह्यांनी कानातलं बोट काढलं.

माझा वर केलेला हात तसाच राहिला. न्यायाधीश पुटपुटतात, नट पुटपुटतात, लेक कुजबुजते. सगळं जग एकदम हळू कसं बोलायला लागलं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मी घाबरले. कान गेले तर कोर्टात माझं काय काम?

“घर विकायचं नाहीये ना?” मी विचारलं.

“कुणाचं घर?” हे गोंधळून म्हणाले.

“तुम्हाला हे माहीत होतं. मग मला का नाही सांगितलंत?”

हे उठले, माझ्यासमोर स्टूल ओढून बसले आणि लग्नानंतर मी ऐकला नव्हता एवढ्या मोठ्या आवाजात बोलले.

“सांगितलं होतं. तू ओट्यापाशी होतीस, पाठ माझ्याकडे होती. कान दाखवून येऊ, म्हटलं. परत एकदा म्हटलं. तू वळलीससुद्धा नाहीस. मला वाटलं, रागावलीस. मग पुन्हा विषय काढायचा धीर झाला नाही. लेक म्हणाली, निदान टीव्हीचं तरी बघा.”

दुकानदार उठून बाहेर गेला. दार हळू लावलं की आपटलं, मला माहीत नाही.

“आणखी काय काय सांगितलंत,” मी विचारलं, “माझी पाठ असताना?”

हे बराच वेळ आठवत बसले. मग त्यांनी स्टूल आणखी पुढे ओढलं.