मागची सीट

विमान हलकं हवं, दोन माणसं नेणारं हवं आणि छोट्याशा इंजिनावर उडायला हवं, असा कारखान्याच्या मालकांचा हट्ट होता. आराखडे काढणाऱ्याने तो मनावर घेतला. खिशात सदा पट्टी असायची, म्हणून सगळे त्याला फूटपट्टीच म्हणत. त्याच्या पहिल्या विमानाने कुंपणापाशीच नांगी टाकली. दुसरं कोंबडीसारखं फडफडून खाली बसलं. तिसरं मात्र असं उडालं, की चालवणारे त्याचे भाऊजी उतरता उतरता ओरडले, "लेका, काय सुरेख वळतंय रे हे!"

पंखांवरचं कापड शिवलं होतं ताईने, म्हणजे भाऊजींच्या बायकोने आणि फूटपट्टीच्या थोरल्या बहिणीने. घरचंच कार्य म्हणा ना.

घोडं अडलं ते मागच्या सीटपाशी. तिथे माणसाच्या वजनाचं वाळूचं पोतं ठेवून त्याने विमान तोललं, तेव्हा शेपटी फार जड भरली. हवेत नाक वर गेलं असतं, तर खाली आणताना नाकी नऊ आले असते. पंख मागे सरकवायला हवे होते. पण मालकांनी गिऱ्हाइकांना आमंत्रणं धाडली होती. फूटपट्टीने कोणाला न सांगता पोतं निम्मं रिकामं केलं, भाऊजींना एक फेरी मारायला लावली आणि "दोघांचं जमतंय" असं सांगून मोकळा झाला. गिऱ्हाइकांसमोर भाऊजी एकटेच उडतील, पंख मग सावकाश सरकवू, अशी त्याने मनाची समजूत घातली.

गिऱ्हाइकं जमली त्या दिवशी मालक म्हणाले, "दोघांचं विमान ना? मग दोघं दिसू देत. ज्याने काढलं त्यालाच बसवा!"

फूटपट्टीने हात कमरेवर ठेवला. "माझी कंबर धरलीय," तो म्हणाला.

"कंबर? आत्ता तर चाकं उचलत होतास," भाऊजी हसले.

"मी बसते," ताई केसांना रुमाल बांधत म्हणाली. "नुसती शिवतच बसू का जन्मभर?"

एक शब्द पुरे होता. पण मालक शेजारी उभे होते, गिऱ्हाइकं बघत होती. फूटपट्टीने तोंड उघडलं आणि म्हणाला, "पट्टा नीट आवळ."

विमान उठलं. कुंपण ओलांडताना नाक वर वर जायला लागलं. लोकांना ती करामत वाटली. "वा!" म्हणून ते ओरडले. विमान क्षणभर लटकलं, एका पंखावर कललं. फूटपट्टीने डोळे मिटून घेतले. मग इंजिनाचा सूर बदलला, नाक हळूहळू खाली आलं आणि लांबचा वळसा घेऊन विमान धपकन उतरलं.

ताई हसतच उतरली. "अरे, काय बनवलंयस तू!" म्हणत तिने त्याला मिठी मारली. भाऊजी मात्र अजून सुकाणूचा दांडा धरून आतच बसले होते.

गर्दी पांगल्यावर शेडमध्ये त्यांनी विचारलं, "दोन्ही हातांनी दांडा पुढे रेटून धरला होता मी. तुला ठाऊक होतं?"

"हो."

ताई दारातच थबकली. "म्हणून कंबर धरली होती?"

त्याला मान वर करवेना. धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तिने डोक्याचा रुमाल सोडला, घडी घातली आणि निघून गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी त्याने मालकांना खरं सांगितलं. मालकांनी आकाशपाताळ एक केलं, तरी पंख मागे सरकले. पूर्ण वजनाच्या पहिल्या फेरीला फूटपट्टी स्वतः मागे बसला. विमान पाण्यावरच्या होडीसारखं संथ गेलं. पुढे ते खूप खपलं, त्यावर कितीतरी जण उडायला शिकले. कोणी कौतुक केलं, की तो विषय बदलायचा.

ताईने त्याला कधी तोडलं नाही. जेवायला बोलवायची, थट्टाही करायची. एकदा त्याने तिच्या घरची डुगडुगणारी शिडी दुरुस्त करून दिली.

"आता पक्की आहे," तो म्हणाला.

"हो ना," ती म्हणाली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवण्याआधी तिने आत हाक मारली, "अहो, जरा शिडी धरता का?"

फूटपट्टी शेजारीच, हात रिकामे घेऊन उभा होता.