मादी निघून जाते

“काका, हे काय लिहून ठेवलंय? माशाला आई कुठली? मादी म्हणा!”

संग्रहालयात नव्यानंच आलेल्या बाईंनी बरणीखालच्या पाटीवर बोट ठेवलं. पाटीवाले काका चष्मा पुसत पुढे झाले. या दालनातल्या साऱ्या पाट्या त्यांच्याच हातच्या. ही तर सत्तावीस वर्षांपूर्वीची. गोड्या पाण्यातल्या माशांचं एक लहानसं कुळ, जाती इनमिन तीन. पाणी आटलं की तोंड वर काढून हवा घेतात, चिखलातही तग धरतात. खाली शेवटची ओळ: ‘अंडी घालून आई निघून जाते. पिलांची राखण बाप करतो.’

“नजरचुकीनं झालं असेल,” काका म्हणाले.

चूक नजरेची नव्हतीच. समोरच्या कागदात स्वच्छ ‘मादी’ आणि ‘नर’ होतं. पण बायको घर सोडून गेली तो आठवडा होता आणि हातानं आपलंच घोडं पुढे दामटलं. लेक तेव्हा पहिलीत. शाळा सुटली की इथेच स्टुलावर बसायची आणि दिवसातून दहादा विचारायची, “आई कुठं गेली?” काका पुढची पाटी रंगवायला घ्यायचे. ही पाटी लागली त्याच संध्याकाळी तिनं एकेक अक्षर लावत ती वाचली. त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही.

तिला काकांनी दिलेलं उत्तर एवढंच. ते आता पुसायचं, याचं त्यांना फार वाईट वाटलं. पण हुकूम तो हुकूम. दुपारपर्यंत नवी पाटी लागली, ‘मादी’ आणि ‘नर’वाली. जुनी भंगाराच्या खोक्यात गेली.

संध्याकाळी लेक त्यांना न्यायला आली. सवयीनं बरणीपुढे थांबली, वाचलं.

“जुनी कुठंय?”

काकांनी खोक्याकडे मान हलवली. तिनं पाटी उचलली, रुमालानं पुसली.

“ताई, चुकीची आहे हो ती,” बाई म्हणाल्या.

“माहीत आहे. नेऊ का?”

“न्या की.”

दोघं फाटकाबाहेर पडली.

“बाबा, चूक तुमच्या लक्षात कधी आली?”

“दुसऱ्याच दिवशी.”

“मग सुधारली का नाहीत?”

“तोवर तू वाचली होतीस.”

लेकीनं पाटी या काखेतून त्या काखेत घेतली आणि मोकळ्या हातानं त्यांची डब्याची पिशवी धरली.