कोंडीरामच्या करडईतलं दोरं

पैज सोसायटीच्या ओट्यावर लागली. म्या म्हणलं, "मेलेला माणूस दोरं बांधत न्हाय."

शेजारचा तात्याराव तंबाखू मळत म्हणला, "आन बांधत आसला तर?"

"तर सगळ्या गावादेखत गाढवावानी रेकत, उघड्या हातानं कोंडीरामची करडई कापीन."

करडईला उघडा हात म्हंजी रगतच. फडकी गुंडाळूनबी काटा शिरतोय.

त्या साली पावसानं दगा दिलेला. कॉलेजचा एक साहेब कोंडीरामला रंगीत दोरं देऊन गेलता. फूल उमललं की त्या दिसाचा दोरा बांधायचा. दोऱ्यावरनं दाण्याचं वय कळतं. कवळ्या दाण्यात दूध, मग तेल. तेलात स्टेरॉल म्हणून मेणासारखं कायतरी आसतंय, पाणी तुटल्यावर ते वाढतंय का घटतंय, साहेबाला बघायचं व्हतं. मधीच विहिरीच्या सुरुंगात कोंडीराम गेला. दोरं मातर वाढतच राह्यलं. गाव म्हणलं, करणी. रोजगारी बाया रानात पाय टाकीनात. पीक उभंच राह्यलं तर त्याच्या बायकूचं, धुरपदावैनीचं, वरीस बुडालं.

म्या भर दुपारी करडईत दडून बसलो. मला भूत न्हाय, चोर धरायचा व्हता.

आली ती धुरपदावैनी. हातात दोरं. फुलापाशी थांबायची, इचारायची, "ह्ये आजचं व्हय?" जरा ऐकायची. मग गाठ मारायची.

माझ्यापाशी आली. दचकली न्हाय.

"भावजी, सरका जरा. ह्यांच्या वाटंत बसलाव तुमी."

म्या सरकलो. वारं पडलेलं. तरी माझ्या अंगाजवळची झाडं दोन्ही बाजूला झाली, आन पुन्ना मिटली.

ओट्यावर येऊन म्हणलं, "हरलो."

"कोण बांधतंय?" तात्यारावनं इचारलं.

"त्योच."

करडई पिकल्यावर गाव बांधावर जमलं. म्या रेकत एक पात, कापायची ओळ, धरली. बोटं फाटली. पोरं खिदळली, तात्याराव म्हणला, "आवाज वाढीव." म्या जित्ता हाय हे बघून रोजगारी बायांतली पुतळाबाई हाताला फडकं गुंडाळीत आत आली. तिच्यामागं दुसऱ्या बाया.

"मधली पात सोडा," धुरपदावैनी म्हणली. "ती ह्यांची."

समद्यांनी सोडली. नुसतं इळं चालू. तात्यारावनं बांधावरनं खूण केली, म्हणून म्या पुन्ना रेकलो, पार घसा फुटस्तोवर.

ह्या खेपंला कुणी हसलं न्हाय. मधल्या सोडलेल्या पातीत तेवढं कोण तरी खुदकन हसलं.