वानराचा पहिला शब्द

पुष्कर, माहा लहान भाऊ, सहा वर्षांनी जरीपटक्यातल्या माह्या झेरॉक्सच्या दुकानात आला अन् उभ्या उभ्याच म्हणतो, "ताई, ती फ्लॉपी दे." कशी आहेस नाही, काही नाही. वरून सोबत पुण्याच्या गेम कंपनीचा माणूस, रजत. डोकंच सणकलं माहं.

त्या फ्लॉपीतला गेम म्हणजे रामटेकच्या पायऱ्या चढायच्या अन् वानरं वाट अडवतात. अठ्ठ्याण्णव साली आम्ही बनवला. आम्ही कायचे, मी बनवला! हा बाजूले बसून वानरांचे रंग सांगे, अन् शाळेत कॉप्या वाटे, 'मी बनवला' म्हणून. म्हणून मग मी कुलूप टाकलं. सुरू करताना गेम विचारे: पुस्तिकेचं पान तीन, ओळ दोन, पहिला शब्द. पुस्तिका माह्या हातची, एकच. ती वाळवीनं खाल्ली. अन् फ्लॉपीची कॉपी निघू नये असंही मीच लिहून ठेवलं होतं.

"आजचे गेम शंभर जीबीचे," रजत सांगून राहिला होता. "नेट गेलं की विकत घेतलेला गेमही उघडत नाही. लोक वैतागलेत. पुष्कर सरांचा हा गेम आम्हाला पुन्हा काढायचाय."

"पुष्कर सरांचा?" मी म्हटलं. "अन् माहं नाव?"

"ताई, तू मदत केलीस, मान्य आहे," पुष्कर म्हणाला. "पण नाव देण्याइतकं काय केलंस?"

हाच गेम दाखवून हा पुण्याले हुशार ठरला, अन् मी इथं लोकांच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स काढून राहिली. मले पैसा नको होता. पहिल्या पडद्यावर माहं नाव पाहिजे होतं, बस.

"तू बनवला नं? मंग उघड," म्हटलं. मागच्या टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरात फ्लॉपी टाकली. कुलपाचा प्रश्न आला.

"शब्द काय होता गं?"

"काहून," मी म्हटलं.

"काहून म्हणजे? माझा गेम आहे म्हणून!" असा ओरडला, की बाहेरचं गिऱ्हाईक आत डोकावलं. मग रजतकडं वळून हसला. "सोपं आहे. त्या ओळीत वानर विचारतो, का आलास." त्यानं 'का' टाइप केलं. चूक. मग 'कशाला'. तेही चूक.

"तीन चुका झाल्या तर फ्लॉपी पुसते," मी म्हटलं.

"काहीतरीच! असं मी लिहिलंच नव्हतं."

"तू लिहिलं नव्हतंच नं बे!"

रजतनं त्याच्याकडं पाहिलं. पुष्करचे कान लाल झाले. "नाटकं बंद कर. शब्द सांग."

पंचवीस वर्षं जपली होती मी ती फ्लॉपी. म्हणून पुन्हा सांगितलं. "काहून."

"पुन्हा तेच! आयुष्यभर नुसती आडवी येतेस तू." अन् रागारागात 'कशासाठी' टाइप करून त्यानं एंटर मारलं.

पडदा काळा झाला. मग चौदा वर्षांच्या पोरीनं लिहिलेली पांढरी अक्षरं आली: 'चोर सापडला. हा गेम सोनिकानं बनवला. पुष्कर, घरी जा.' कॉम्प्युटर घरघरला, अन् पडद्यावर काहीच उरलं नाही.

रजत हळूच म्हणाला, "मॅडम, शब्द काय होता?"

"काहून."

"नाही, सहजच विचारलं."

पुष्कर मात्र खुर्चीत बसला. गेममधल्या प्रत्येक वानराले हाच शब्द बोलायले लावून खिदळणारा पोरगा होता तो. पुण्यात जाऊन 'का' म्हणायले शिकला अन् आपलं 'काहून' पार विसरला.

"दोनदा सांगितला तुले," मी म्हटलं. फ्लॉपी बाहेर काढली. माहं नाव दुनियेत एकाच जागी लिहिलेलं होतं, अन् तेही आता पुसलं होतं.

"ऊठ आता," म्हटलं, "गिऱ्हाईक थांबलं आहे."