वर्षश्राद्धाचा इंग्रजी पिक्चर

"अक्का, शेवट बघितल्याशिवाय सोमनाथला उठू देऊ नको. कडी लावून घे, पण शेवट दाखव."

माझा धाकटा भाऊ अप्पा दवाखान्यात शेवटचं बोलला ते एवढंच. लोक जाताना गंगाजल मागतात, आमच्या अप्पानं इंग्रजी पिक्चर काढला. मी हो म्हटलं. रोजचा अध्याय वाचल्याशिवाय मी तोंडात पाणी घेत नाही. दिलेल्या शब्दाचंही माझं तसंच आहे.

अप्पा वालचंदनगरला कारखान्यात होता. ड्यूटीवरून आला की क्वार्टरमध्ये जुन्या काळ्यापांढऱ्या इंग्रजी पिक्चरच्या डीव्हीडी लावायचा. त्यातली एक फार लाडकी. डबीवर हॅट घातलेला माणूस, अर्धं तोंड उजेडात, अर्धं अंधारात. "वीजबिल फार येत असेल त्यांना," मी म्हणायची. अप्पा हसायचा आणि मला शेजारी बसवून सगळं मराठीत सांगायचा. तिकडंही आपल्यासारखाच मटका. एक हॅटवाला शेठ, आणि त्याच्यासाठी आकडे घेणारा एक गरीब घड्याळजी. शेठच्या हातून खून होतो. मग तो घड्याळजीच्या खांद्यावर हात टाकून म्हणतो, तू तुझं नाव दे, मी तुला सोडवतो.

अप्पाला हा पिक्चर का लागायचा, ते त्याच्या मुलाकडं, सोमनाथकडं बघून कळायचं. इंदापुरात सोमनाथचं दुकान आहे. पाटी मोबाईल दुरुस्तीची. पण तिथून दुरुस्त होऊन गेलेला मोबाईल मी अजून पाहिलेला नाही. तिथं विजयसिंहांचा मटका चालतो. विजयसिंह म्हणजे चौकातल्या फ्लेक्सवर हात जोडून उभे असतात ते. खाली 'समाजभूषण' लिहिलेलं असतं. हे भूषण त्यांना कुणी दिलं, ते फ्लेक्सवाल्यालाच ठाऊक.

श्राद्धाच्या आदल्या आठवड्यात दुकानावर पोलिसांची धाड पडली. आता मालक म्हणून कुणीतरी उभं राहायला हवं होतं. विजयसिंहांनी सोमनाथच्या खांद्यावर हात टाकला. "मंगळवारी ठाण्यात जा आन् तुझं नाव सांग. मी हाय की मागं." बारामतीच्या त्यांच्या वकिलानं काय बोलायचं तेही पढवून ठेवलं.

"विजयसिंहदादांनी घरच्यासारखं मानलंय, आत्या," सोमनाथ मला म्हणाला.

मानलं असेल. पण घरच्या कुणाला त्यांनी ठाण्यात धाडलं नाही.

म्हणून सोमवारी, अप्पाच्या वर्षश्राद्धाला, मी आमच्या कळंबच्या देवळात कीर्तनाऐवजी तो पिक्चर ठेवला. म्हटलं, बापाच्या श्राद्धातून तरी पोरगा उठून जाणार नाही. पडदा विजयसिंहांनीच दिला. "पुण्याचं काम हाय, अक्काबाई." पिक्चर कशावर आहे, ते त्यांनी विचारलं नाही. मी खोटं बोलत नाही. पण न विचारलेलं सांगायचीही मला सवय नाही. पडद्याच्या दोन्ही बाजूंना त्यांचे फ्लेक्स लागले. दिवा लावून, फोटो काढून साहेब गेले. मधे हॅटवाला, आणि दोन्हीकडं हे हात जोडून.

दुपारी देऊळ भरलं. मराठीतून सांगायला माईक माझ्या हातात. माझा आवाज मुळात बारीक. लोक जांभया देत होते. मग पडद्यावर घड्याळजीनं आकड्याची चिठ्ठी फाडली आणि सगळं देऊळ ताठ बसलं.

"आरं, हितं बी आपलंच चालू हाय की!" रामहरी मागून ओरडला.

"गप ऱ्हा. बघू दे."

पुढं खून झाला. हॉटेलच्या खोलीबाहेर माणूस पडलेला, आणि दारावर नंबर.

"चौतीस!" माझी शेजारीण शकुबाई म्हणाली. एरवी तिला एसटीची पाटी दिसत नाही. "मुडद्याच्या दारावरचा आकडा, अक्का. लागतोच!"

"अगं, पिक्चर आहे तो."

"पिक्चर आसंल. पर दिवस कुणाचा हाय? अप्पानं वरनं धाडलाय."

हे वाक्य देवळात पसरायला माईक लागला नाही. अप्पानं धाडला, अप्पानं धाडला! ज्या माणसानं जन्मात मटक्याची चिठ्ठी हातात धरली नाही, त्याला मेल्यावर या लोकांनी आकडे पाठवायच्या कामाला लावलं. मी माईकमध्ये सांगत राहिले, "बसा, पुढं शेवट आहे, बसा."

"ओपनची येळ झाली, अक्काबाई," रामहरी चप्पल शोधत म्हणाला. "शेवट तुमी उद्या सांगा."

आणि चौतीस लावायला सगळे गेले. कुणाकडं? सोमनाथकडंच. तो खांबाला टेकून खरंच बघत बसला होता, पण लोकांनी त्याला हाताला धरून बाहेर नेलं. बापाच्या श्राद्धाला देवळामागं उभा राहून पोरगा मोबाईलवर बापाचा आकडा घेत होता. आत उरलो मी, पुजारी आणि फ्लेक्सवरचे दोन विजयसिंह. शेवट आम्ही चौघांनी बघितला.

शेवटी शेठ विचारतो, लोकांनी कुठला आकडा जास्त लावलाय? आणि तो सोडून दुसराच काढतो. घड्याळजी ते बघतो. टोपी घालतो, चालत ठाण्यात जातो आणि नाव सांगतो. शेठचं.

संध्याकाळी आकडा आला. चौतीस सोडून कुठलातरी. पाठोपाठ विजयसिंह पेढे घेऊन आले. "लई ग्वाड धार्मिक कारेक्रम झाला, अक्काबाई. आसलं आनखी येखांदं पिक्चर हाय का?"

"याचाच शेवट राहिलाय," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ द्या वं. शेवट कोन बघतंय!"

जाताना सोमनाथ पाया पडला. "उद्या दुपारी ठाण्यात जायचंय, आत्या. आशीर्वाद दे."

"आधी शेवट बघ."

"आल्यावर बघू की."

कधी येणार, ते त्यालाही माहीत नव्हतं.

मंगळवारी अंगारकी होती. अंगारकीला मी मोरगावला गेले नाही असं आजवर झालेलं नाही. सकाळी तुळशीला पाणी घातलं, अध्याय वाचला आणि पिशवी भरून एसटीच्या थांब्यावर आले. शकुबाई नारळ घेऊन आधीच उभी. बारामतीची गाडी आली.

"चल की, जागा हाय."

"तू हो पुढं. मोरयाला म्हणावं, अक्का इंदापूरला गेलीय."

"इंदापूरला? तितं कुठला देव हाय आज?"

मी तिला गाडीत चढवलं. तिची गाडी गेली. थोड्या वेळानं इंदापूरची आली, मी चढले. उपास तसाही होताच. मनात म्हटलं, पोरानं शेवट बघेपर्यंत चंद्र उगवला तरी सोडायचा नाही. पिशवी मांडीवर घेतली. तिच्यात अप्पाचा छोट्या पडद्याचा प्लेअर, डीव्हीडी आणि आमच्या दाराचं कुलूप होतं. त्याच्या दुकानाला आतून कडी आहे की नाही, मला ठाऊक नव्हतं.